पाणघोड्याचा वाटा

जेबा.
मेखिर महिना, दिवस पंचविसावा. वर्ष कोणाचं, ते लिहीत नाही.

प्रिय पाखोम,

आज उत्सवाचा शेवटचा दिवस. सकाळी वारा उत्तरेचा होता, दुपारी पडला. तळ्यावर गर्दी बरी होती. पुजाऱ्याने होरसच्या नावाने तळ्यातल्या पाणघोड्याच्या पुतळ्यावर दहा भाले मारले. दहावा नेहमीप्रमाणे हुकला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी लागला म्हणून आरोळी ठोकली. पुतण्याने पाणघोडा झालेल्या काकाला मारलं, बापाचा सूड पुरा झाला. मग कणकेचा पाणघोडा आणून कापला. यंदा गहू कमी, त्यामुळे पाणघोडा लहान होता, डुकराएवढा. आपल्या घरचा वाटा घेऊन मी परत आलो. तो आता समोर ताटात आहे. घरात दुसरं कोणी नाही.

तुझ्या आईला या महिन्याच्या बाराव्या दिवशी पश्चिमेच्या डोंगरात पोचवलं. लेपाचे सत्तर दिवस पुरे झाले होते. काम नीट केलं आहे. कापड मी स्वतः निवडलं, जुनं पण धुतलेलं, कुठेही ठिगळ नाही. तिच्या कुशीत तुझ्या बापाची छिन्नी ठेवली. त्याचं दुसरं काहीच नव्हतं ठेवण्यासारखं. तुला माहीत आहेच, पुरायला देह नाही आणि वाचायला नाव नाही. घराच्या चौकटीवरून, देवळाच्या कामगारांच्या यादीतून, आजोबांच्या दगडावरून, सगळीकडून ते खरवडून काढलेलं आहे. ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही तो पलीकडेही राहत नाही, असं आपण मानतो. म्हणून आधी लिहून टाकतो. जेदहोर. तुझ्या बापाचं नाव जेदहोर. चौदा वर्षांत माझ्या हाताने हे नाव आज पहिल्यांदा लिहिलं.

आईला पोचवल्यावर तिसऱ्या दिवशी तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, "आई होती म्हणून हात आवरला होता. आता ती नाही. पुढच्या महिन्यात छावणीतून रजा मिळते आहे. काका, एवढं करा, तो कोल्लूथ मी येईपर्यंत मरू देऊ नका. तो मला जिवंत हवा." हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. अक्षर चांगलं आहे तुझं. मीच गिरवून घेतलं होतं.

कोल्लूथ जिवंत आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून लोकांची जाळी शिवतो. एक डोळा पांढरा पडला आहे, दुसऱ्यानेही फार दिसत नसावं. पोरं त्याच्यावर माशांची डोकी फेकतात. तो म्हणतो, "जरा जोरात मारा रे, म्हातारा मेला नाही अजून." त्याच्याजवळ कोणी बसत नाही. उत्तरेची बातमी त्याने दारू पीत वाटेत अडकवून ठेवली आणि त्यामुळे जेदहोर जळाला, हे जेब्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. तुलाही तेच ठाऊक आहे. त्यासाठीच तू येतो आहेस. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितो. मला सजवून लिहिता येत नाही.

तुझ्या आजोबांनी दोघांपैकी एकाला देवळाच्या शाळेत घातलं. मी अशक्त होतो म्हणून मला. दादा आठव्या वर्षापासून दगडावर. त्याला एक अक्षर येत नव्हतं. अक्षरांतल्या घुबडाचं पोट किती फुगवायचं, ससाण्याची मान कुठे वळवायची, हे मला त्याने शिकवलं. पण त्या घुबडाचा उच्चार काय, हे त्याला अखेरपर्यंत माहीत नव्हतं. आमची कामाची पद्धत तू पाहिलेली आहेस. मी लाल शाईने भिंतीवर रेघ ओढायची आणि त्याने त्या रेघेवरून कोरत जायचं. तो मला पंडित म्हणायचा. परांचीवर चढता चढता ओरडायचा, "काय पंडित, आज काय लिहिलंस? शिवी नाही ना? नाहीतर मी आपला देवाच्या दारात शिवी कोरून ठेवायचो!" खालचे कामगार हसायचे, मीही हसायचो.

पण छिन्नी पुढे सरकली की माझी रेघ भुगा होऊन खाली पडते. भिंतीवर उरतो तो कोरणाऱ्याचा हात. लांबून आलेले पुजारी भिंतीसमोर उभे राहून म्हणायचे, "हा जेदहोरचा हात." तेव्हा मी तिथेच लाल भुगा झाडत असायचो. बारा वर्षं मी शाळेत घालवली होती. चौदा वर्षांपूर्वी महाद्वाराचं काम निघालं आणि मुख्य पुजाऱ्याने सगळ्या कामावर मुकादम म्हणून दादाला नेमायचं ठरवलं. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी घोषणा व्हायची होती. वाचता न येणारा माणूस माझ्या वर. मी घरी येऊन आनंद झाला म्हणालो. वहिनीने मधाच्या पोळ्या केल्या. मी तीन खाल्ल्या.

आता राजाचं. महाद्वारावर राजाचं नाव मोठ्या लंबगोल कड्यात कोरायचं असतं. त्या घराण्यात बाप, मुलगे, नातू, सगळ्यांचं नाव एकच, म्हणून खरा फरक बिरुदाचा. तेव्हाच्या राजाचं, म्हणजे दोघा राजपुत्रांतल्या थोरल्याचं, बिरुद होतं "आईवर प्रेम करणारा". मी ते आठ दिवस खपून रेखाटलं होतं. मनुष्याच्या उंचीएवढं कडं. दादाने कोरायला घेतलं होतं. मेखिरच्या सोळाव्या दिवशी भर दुपारी कोल्लूथ मालाचा कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला. तेव्हा त्याची स्वतःची नाव होती आणि दोन्ही डोळे शाबूत होते. अंगणात बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पंडित, तिकडे सगळं उलटं झालंय. राजाच्या आईने दोन्ही पोरांना जेवायला बोलावलं. एका ताटात जेवा म्हणे, मग काय भांडायचं ते भांडा. थोरला आपली दोन लेकरं घेऊन गेला. आजीकडेच जायचं, भ्यायचं कशाला? धाकट्याने आधी लेकरं मारली, बापासमोर. मग बाप. म्हातारीने हात धुतले, सज्ज्यात आली आणि लोकांना म्हणाली, राजा चिरायु होवो! नाव एकच ना, घोषणासुद्धा बदलावी लागली नाही."

मी विचारलं, हे नक्की का. तो म्हणाला, "मी ऐकीव नाही सांगत, तिथल्याच धक्क्यावरून आलो. आणि पुढचं तर ऐक. धाकट्याने बिरुद काय घेतलंय? भावावर प्रेम करणारा!" आणि ठसका लागेपर्यंत हसला. जाताना म्हणाला, "जेदहोरला सांग, दारावरचं काम थांबव. नव्याचा सरदार निघालाय, एकेक देऊळ बघत वर येतोय. कोप्तोसच्या देवळात एका पुजाऱ्याची जीभ गेली." मी म्हणालो, "सांगतो."

मी दादाची भाकरी घेऊन द्वाराकडे गेलो. तो परांचीवर होता, पापण्यांवर पांढरी धूळ. त्याने वरून विचारलं, "पंडित, उत्सवाच्या आत पुरं करू ना? काही बदल नाही ना?" मी म्हणालो, "नाही. चालू दे."

नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला एवढंच हवं होतं, नवा हुकूम आल्यावर त्याला स्वतःचं काम सगळ्यांसमोर खरवडावं लागेल, लोक हसतील आणि मुकादमी माझ्याकडे येईल. हे अर्धं खरं आहे. सरदार येतो आहे हे मला कोल्लूथने सांगितलं होतं. जिभेचंही सांगितलं होतं. पुढचे नऊ दिवस मी रोज भाकरी घेऊन जात होतो आणि रोज तो काम दाखवत होता. एका दिवशी म्हणाला, "बघ, तुझी रेघ एवढी सुंदर आहे की कापायला जीव होत नाही." तेव्हाही मी बोललो नाही.

पंचविसाव्या दिवशी सरदाराच्या नावा लागल्या. तू आजोळी, नेखेबला होतास. पटांगणात पाणघोडा कापणं चालू होतं. सरदार यवन, ग्रीकच बोलणारा, बरोबर उत्तरेकडचा एक दुभाषी. त्याने विचारलं हे काय, दुभाषी म्हणाला, देव आपल्या काकाला कापतो आहे. सरदाराने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, मीठ कमी आहे. मग त्याची नजर द्वारावरच्या ताज्या पांढऱ्या दगडावर गेली. हे कोणी कोरलं, असं विचारल्यावर दादा हात झटकत पुढे आला. त्याला वाटलं घोषणा आत्ताच होते आहे. "मी कोरलं," म्हणाला. कोणाचं नाव आहे? "ते मला वाचता येत नाही, मालक." दुभाषी हसला, "कोरतोस आणि वाचता येत नाही? मग छिन्नी काय स्वतःच शिकली?" दादाही हसला. म्हणाला, "माझा भाऊ वाचून दाखवील. तो शिकलेला आहे."

किती अभिमानाने म्हणाला ते मला लिहून सांगता येणार नाही.

मी पुढे झालो आणि वाचलं. शाळेत शिकवतात तसं, मोठ्याने, शब्द तोडून. राजाचं नाव आणि मग, आईवर प्रेम करणारा. दुभाष्याने ते सरदाराला सांगितलं. दादा अजून हसतच होता. मी वाचलेलं ऐकायला त्याला आवडायचं.

ज्या फळीवर पाणघोडा कापत होते तिच्यावरच त्याचे हात ठेवून तोडले. चुन्याची भट्टी पेटलेली होती, उत्सवानंतर भिंतींना सफेदी द्यायची होती. त्याला जिवंत नेलं. तुला हे सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की त्या वेळात त्याला एक वाक्य बोलता आलं असतं. रेघ भावाने ओढली, मी नुसता तिच्यावरून गेलो. खरं होतं, सगळ्यांना पटलंही असतं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्याला समजलं होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. समजलं नसावं असं मी धरून चाललो. ते मला सोयीचं होतं.

दिवस मावळायच्या आत तो दुभाषी आपल्या दारात बिअर मागायला आला. ओट्यावर बसून कांदा चावत म्हणाला, "तू सरळ वाचलंस ते बरं केलंस, बाबा. मला तुमचे ते पक्षी-बिक्षी काही कळत नाहीत. तू दुसरं काहीही वाचलं असतंस तर मी तेच सरदाराला सांगितलं असतं." मी त्याचा पेला पुन्हा भरला. वहिनी आत जमिनीवर पडली होती. तिला ऐकू गेलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांनी विचारलं, बातमी कशी आली नाही? मी म्हणालो, कोल्लूथ वाटेत पीत बसला, काल उशिरा पोचला. कोल्लूथने पटांगणात उभं राहून शपथा घेतल्या, मी नऊ दिवस आधी सांगितलं म्हणून छाती पिटली. पण तो पिणारा नावाडी आणि मी देवळाचा लेखक. त्याची नाव काढून घेतली. त्याच आठवड्यात दादाचं नाव खरवडायचा हुकूम निघाला आणि कुठे कुठे ते लिहिलं आहे याची यादी मी करून दिली. मग महाद्वारावरचं कडं कामगारांनी खरवडून दिलं आणि मी त्यात लाल शाईने नवं बिरुद रेखाटलं, भावावर प्रेम करणारा. रेघ कुठेही वाकडी गेली नाही. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस आहे.

मुकादमी मला मिळाली.

पुढे राजाच्या त्या म्हाताऱ्या आईलाही धाकट्याने मारलं, धाकट्याला त्याच्या बहिणीने हाकललं आणि आता तिकडे कोण बसलं आहे ते आम्हाला नीट माहीत नाही. गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या वर्षांचे दोन हुकूम आले. मी कामगारांना एकच सांगून ठेवलं आहे, कडं कोरा आणि आतली जागा सोडा. देवळात आता अशी कितीतरी कोरी कडी आहेत. तू लहानपणी एकावर बोट ठेवून विचारलं होतंस, "काका, हे देवाचं अंडं आहे का?" मी हो म्हणालो होतो. महाद्वारावरचं कडंही कोरं आहे. तीनदा खरवडल्यामुळे दगड इतका आत गेला आहे की मनगट बुडतं.

तू माझ्या घरात वाढलास. तुला झोपवताना गोष्ट सांगायची ती मी कोल्लूथची सांगितली, दरवर्षी थोडी वाढवून. तू लेखणी टाकून भाला उचललास तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पोरगा हातचा गेला म्हणून बघते आहे.

तुझं पत्र आलं त्याला आज दहा दिवस झाले. या दहा दिवसांत तीन नावा उत्तरेला गेल्या. मी एकीबरोबरही उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, मी विचार केला की येऊ दे. कोल्लूथ म्हातारा आहे, असा किती जगणार? तो गेला की हे सगळं संपलं. काल घाटावर त्याच्याजवळून गेलो तर पावलांवरून ओळखून म्हणाला, "कोण, पंडित? पाखोम येतोय म्हणे. आला की त्याला माझ्याकडे पाठव हो, माझं तरी कोण ऐकणार आहे? पोरगं बापाच्या वळणावर गेलं असेल तर ऐकेल."

तरीही मी हे त्याच्यासाठी लिहीत नाही. वहिनीसाठी लिहितो आहे. शेवटच्या दिवशी तिचा ताप उतरला होता, बोलणं स्पष्ट होतं. तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "भावोजी, त्या दुपारी मी गच्चीवर मासे वाळत घालत होते. कोल्लूथचा आवाज केवढा मोठा. तुम्ही 'सांगतो' म्हणालात तेही ऐकलं. मला वाटलं, सांगाल. भाऊच तो. म्हणून मी विचारलंसुद्धा नाही." मी पाण्याचा पेला पुढे केला. ती म्हणाली, "लेकराला तुमच्या घरचं अन्न हवं होतं, म्हणून गप्प राहिले. पण दरवर्षी उत्सवात पाणघोडा मी माझ्या हाताने तुमच्या ताटात वाढला. तुम्ही कधी एक तुकडा टाकला नाहीत." मला आठवलं. ताट रिकामं होईपर्यंत ती दाराशी उभी असायची. "संपवा भावोजी, देवाचं आहे," म्हणायची. चौदा वर्षं मी ते माया समजून खात होतो. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "पाखोमला मी कळवलेलं नाही. ते तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे." तेच केलं. हे पत्र उद्याच्या धान्याच्या नावेबरोबर जाईल. कोल्लूथला हात लावू नकोस. रजा मिळाली आहे तर ये. मी घरीच असतो, दाराला कडी लावत नाही. यंदा वाढायला कोणी नव्हतं, म्हणून ताट मीच पुढे ओढलं आहे. कणीक वाळून घट्ट झाली आहे आणि मीठ आजही कमीच पडलं आहे. कांदा शोधला, संपला आहे. एवढा वाटा संपवतो, ताट धुऊन ठेवतो.

तुझाच काका,
एस्मेत